एक्स्पेडाइट मालवाहतूक आणि नेहमीचे ट्रकिंग : चालकाला जाणवणारा खरा फरक कोणता?

चाकोरी :
नमस्कार. गेली सहा वर्षे मी ओहायोतल्या एका कंपनीत ५३ फुटी ड्राय व्हॅन (शीतयंत्र नसलेला बंद ट्रेलर) चालवत आहे. मोबदला मैलावर मिळतो, लोड, म्हणजे न्यायचा माल, डिस्पॅचर (गाड्यांना काम वाटून देणारा) ठरवतो, आणि आठवड्याला २,२०० ते २,६०० मैल पडले की घरचा हिशेब नीट बसतो. माझ्या पत्नीनेही मागच्या वर्षी प्रशिक्षण घेऊन क्लास ए, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रेलरचा, परवाना मिळवला. आता एका गाडीमालकाने आम्हा दोघांना मिळून स्लीपर (झोपायची खोली) असलेला एक स्ट्रेट ट्रक, म्हणजे केबिन आणि मालाची पेटी एकाच सांगाड्यावर असलेला ट्रक, देऊ केला आहे. तो ट्रक एका एक्स्पेडाइट, म्हणजे निकडीचा माल थेट पोहोचवणाऱ्या, कंपनीशी करारबद्ध आहे.

ट्रक स्टॉपवर भेटलेल्या चालकांना मी याविषयी विचारले. एकाने सांगितले की काम तेच, फक्त घाई अधिक. दुसऱ्याने सांगितले की त्यात दिवसचे दिवस नुसते बसून राहावे लागते. ही दोन्ही उत्तरे एकाच कामाविषयी कशी असू शकतात, हे मला उमगलेले नाही. ज्यांनी दोन्ही कामे केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे, की रोजच्या कामात, झोपेत, पैशात आणि मनावरच्या ताणात नेमका काय फरक पडतो. निर्णय आम्हा दोघांचा आहे आणि तो घाईने घ्यायचा नाही.

रातवा :
तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे खरी आहेत. मी आणि माझे यजमान नऊ वर्षे स्ट्रेट ट्रकवर टीम म्हणून, म्हणजे एक झोपतो तेव्हा दुसरा चालवतो अशा रीतीने, एक्स्पेडाइट करत आहोत, आणि त्याआधी चार वर्षे आम्ही तुमच्यासारखाच ५३ फुटी ट्रेलर ओढत होतो, त्यामुळे दोन्ही बाजू अनुभवाने सांगू शकते.

पहिली गोष्ट वेगाची. एक्स्पेडाइट ट्रक महामार्गावर इतरांपेक्षा जोरात पळत नाही. पळाला तर दंड आणि परवाना दोन्ही चालकाच्याच माथी. माल लवकर पोहोचतो तो वाटेत कुठे उतरवला जात नाही म्हणून. एलटीएलमध्ये, म्हणजे अनेकांचा थोडा थोडा माल एकाच ट्रेलरमधून नेण्याच्या पद्धतीत, एखादा पॅलेट आधी टर्मिनलवर उतरतो, तिथून दुसऱ्या ट्रेलरमध्ये चढतो आणि कधी कधी पुढच्या टर्मिनलवर पुन्हा तेच होते. आमच्याकडे शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या, डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर) सील लागले की ते रिसीव्हरच्या डॉकवरच तुटते, मग आत एकच पॅलेट का असेना.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही टेक्सासमधल्या लारेडोहून डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कारखान्यासाठी वायर हार्नेसची (मोटारीतल्या तारांच्या जुडग्यांची) चार खोकी घेतली. वजन २०० पौंडही नसेल. ज्या पेटीत १२ पॅलेट मावतात तिच्या मधोमध तो एकच पॅलेट चार पट्ट्यांनी बांधलेला होता, आणि प्रत्येक थांब्यावर मी मागे जाऊन पट्टा बोटाने दाबून पाहत होते. सुमारे १,६०० मैलांचा तो रस्ता आम्ही आळीपाळीने चालवत ३१ तासांत कापला. पहाटे सव्वाचारला फाटकावर पोहोचलो, तर पहारेकऱ्याच्या हातातल्या कागदावर आमच्या ट्रकचा क्रमांक आधीच लिहिलेला होता आणि आडकाठी उचललेली होती. डॉकवर दोन कामगार उभे होते. फोर्कलिफ्ट येण्याची वाट न पाहता त्यांनी ती खोकी खांद्यावर घेतली आणि आत धाव घेतली. कागदावर सही व्हायच्या आतच माल उत्पादनाच्या लाइनवर गेला होता.

त्यानंतर आम्ही टोलीडोच्या दक्षिणेला एका ट्रक स्टॉपवर ४१ तास उभे होतो. एकही लोड आला नाही. तुम्हाला भेटलेल्या त्या दोघांपैकी एकाने पहिले ३१ तास पाहिले असतील आणि दुसऱ्याने नंतरचे ४१.

वजनकाटा :
परवान्याबाबत एक स्पष्टीकरण. ट्रकची नोंदलेली कमाल वजनक्षमता (ट्रक आणि माल मिळून) २६,००१ पौंड किंवा त्याहून अधिक असेल तर व्यावसायिक परवाना लागतो. स्लीपर असलेले पुष्कळ एक्स्पेडाइट ट्रक ३३,००० पौंडांचे असतात आणि त्यांना किमान क्लास बी लागतो; तुम्हा दोघांकडे क्लास ए आहे, तो इथे पुरेसा आहे. परवान्यावर घातक मालाचे शेरे, म्हणजे तो माल नेण्याची परवानगी, मात्र दोघांनीही मिळवून ठेवावेत, कारण टीममधल्या एकाकडे तो शेरा नसेल तर घातक मालाचा फलक लावलेल्या लोडवर त्याला चाकामागे बसता येत नाही आणि टीम असण्याचा अर्थच उरत नाही.

सुकाणू :
रातवा यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, पण हा धंदाच वेगळा आहे असे जे सुचवले जाते ते मला मान्य नाही. मी २२ वर्षे रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेला ट्रेलर, चालवतो आहे. कॅलिफोर्नियातल्या सलीनासहून न्यूयॉर्कच्या हंट्स पॉइंट बाजारासाठी भाजी भरतो, तेव्हा माझ्याही मागे घड्याळ लागलेले असते. कोशिंबिरीचा पाला एक दिवस उशिरा पोहोचला तर खरेदीदार तो नाकारतो आणि दाव्याचा कागद कंपनीकडे येतो. कायदाही एकच आहे. दहा तासांच्या सलग विश्रांतीनंतर १४ तासांची खिडकी, तिच्यात ११ तास चालवणे, आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती, आठ दिवसांत ७० तासांची मर्यादा हे सगळे एक्स्पेडाइटच्या ट्रकलाही तसेच्या तसे लागू आहे. वायोमिंगमधला वारा आणि डॉनर खिंडीतला बर्फ ट्रकमध्ये काय भरले आहे हे विचारत नाहीत. मग माल निकडीचा आहे एवढ्यावरून चालकाचे काम वेगळे कसे ठरते?

उत्तरवाट :
मी मिशिगनमध्ये अकरा वर्षे डिस्पॅचच्या टेबलावर काम केले, त्यांतली पहिली चार नेहमीच्या ट्रकलोडची आणि पुढची सात एक्स्पेडाइटची. सुकाणू यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला टेबलाच्या या बाजूने द्यावेसे वाटते.

ट्रकलोडमध्ये माझे काम ट्रक रिकामा न ठेवण्याचे होते. मंगळवारी इंडियानापोलिसला ट्रक रिकामा होणार हे मला सोमवारीच ठाऊक असे, आणि तिथून निघणारा पुढचा लोड मी आधीच धरून ठेवत असे. चालकाला विचारण्याचा प्रश्न फारसा येत नसे. एक्स्पेडाइटमध्ये ग्राहक आज दुपारी दोन वाजता फोन करतो आणि माल चार वाजता निघायला हवा असतो. त्या क्षणी ९० मिनिटांच्या अंतरावर मोकळा ट्रक आणि झोप झालेला चालक कोण आहे, हा एकच प्रश्न माझ्यासमोर असतो. म्हणजे कोणीतरी कुठेतरी आधीपासून रिकामे उभे असायलाच हवे. ग्राहक त्या उभे राहण्याचेच पैसे मोजत असतो, आणि ते पैसे भाड्यात मिसळलेले असल्यामुळे चालकाला ते प्रतीक्षेचे म्हणून वेगळे दिसत नाहीत. रीफरचा चालक वेळेला बांधलेला असतो, पण निघण्यापूर्वी त्याला आपली वेळ माहीत असते. एक्स्पेडाइटच्या चालकाला ती लोड येईपर्यंत माहीत नसते. माझ्या समजुतीप्रमाणे फरक इथे आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे लोड नाकारण्याचा अधिकार. आमच्या कंपनीत मालक-चालकाला प्रस्ताव जाई आणि काही मिनिटांत होकार किंवा नकार द्यावा लागे. हे स्वातंत्र्य चांगले वाटते, परंतु कोणता लोड नाकारायचा हे कळायला दोन वर्षे लागतात. ज्या गावातून परत काहीच निघत नाही तिथे नेणारे भाडे नेहमी आकर्षक दिसते.

सुकाणू :
निघण्यापूर्वी वेळ माहीत असण्याचा मुद्दा पटला. माझा आठवडा मला रविवारीच दिसत असतो, हे खरे आहे.

दोरखंड :
मी मोठ्या ट्रकचा नाही, कार्गो व्हॅनचा चालक आहे आणि या चर्चेत त्या छोट्या गाडीचा उल्लेख नाही म्हणून लिहीत आहे. एक्स्पेडाइटमध्ये येणारे बरेच जण व्हॅनपासून सुरुवात करतात, कारण तिला व्यावसायिक परवाना लागत नाही, दोन-तीन पॅलेट मावतात आणि भांडवल कमी लागते. कमाल वजनक्षमता १०,००१ पौंडांच्या खाली असेल आणि घातक मालाचा फलक लागलेला नसेल, तर वर सांगितलेले तासांचे संघीय नियमही तिला लागू होत नाहीत. सुरुवातीला मला ही मोठी सवलत वाटली होती.

चौथ्या महिन्यात मी शिकागोजवळून सॉल्ट लेक सिटीला विमानाचा एक सुटा भाग नेत होतो. सुमारे १,४०० मैल, एकटा. लोड आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि मी सकाळी सहापासून जागा होतो. डिस्पॅचरने विचारले, ‘जमेल ना?’ मी हो म्हणालो, कारण त्याआधी दोन दिवस काहीच मिळाले नव्हते. नेब्रास्कात आय-८० महामार्गावर उजाडण्याच्या सुमारास मला रस्त्यावर एक माणूस झेंडा हलवताना दिसला. मी करकचून ब्रेक दाबला. तिथे कोणी नव्हते. मागून येणारा ट्रॅक्टर-ट्रेलर बाजूची लेन मोकळी होती म्हणून मला चुकवून गेला. त्याचा भोंगा पुढे मैलभर माझ्या कानात होता. मी पुढच्या विश्रांतिस्थळावर थांबलो, कंपनीला फोन करून उशीर होईल असे सांगितले आणि पाच तास झोपलो. नंतर त्या कंपनीने मला महिनाभर लांबचे लोड दिले नाहीत.

हे मी कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मोठ्या ट्रकमध्ये लॉगचे, म्हणजे चालवण्याचे तास नोंदवणारे, यंत्र तुम्हाला थांबवते. व्हॅनमध्ये तुम्हालाच ‘नाही’ म्हणावे लागते, आणि तेही दोन दिवस काही न मिळाल्यावर. आता लोड स्वीकारण्यापूर्वी मी एकच गोष्ट मोजतो, की मागची झोप संपून किती तास झाले. आकडा आठच्या वर असेल आणि रस्ता रात्रीचा असेल तर मी तो सोडून देतो.

रातवा :
दोरखंड, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलेत म्हणून आभार. यात एक भर घालते, कारण ही अडचण स्ट्रेट ट्रकलाही चुकत नाही. नियमानुसार तुम्ही सुट्टीवर असाल तर १४ तासांचे घड्याळ सुरूच होत नाही. समजा, सकाळी सातला उठलात, दिवसभर लोडची वाट पाहिलीत आणि रात्री दहाला लोड आला; यंत्राच्या हिशेबाने तुमच्याकडे पूर्ण ११ तास शिल्लक आहेत, पण शरीर १५ तास जागे आहे. थकलेल्या किंवा आजारी चालकाने ट्रक चालवू नये असा स्वतंत्र संघीय नियम आहे, मात्र तो पाळायचा चालकाने स्वतः. म्हणून लोड नसतानाही आमच्यातला एक जण दुपारी झोपतोच. माझे यजमान दुपारी एक ते सात झोपतात, मी रात्री नऊनंतर झोपते. लोड केव्हाही आला तरी एकाचे डोळे ताजे असतात. सलग काम असलेल्या ट्रकिंगमध्ये ही शिस्त कंपनीच्या वेळापत्रकातून आपोआप येते; इथे ती घरातल्या घरात लावून घ्यावी लागते.

पहाटवारा :
आम्ही तीन वर्षे टीम म्हणून एक्स्पेडाइट केले आणि मग नेहमीच्या ट्रकिंगकडे परतलो, त्यामुळे उलट्या दिशेचा अनुभव सांगतो.

पत्नीला चालत्या ट्रकमध्ये झोप लागत नव्हती. आम्ही गादी बदलली, खिडक्यांना जाड पडदे लावले, बंकला (स्लीपरमधल्या बिछान्याला) सुरक्षा जाळी तर होतीच. पण पुलाच्या प्रत्येक सांध्यावर ट्रक उसळला की ती जागी होई. दहा तासांची विश्रांती दोन भागांत घेण्याची सोय २०२० मधल्या बदलानंतर थोडी सैल झाली आहे, म्हणजे आता किमान सात तास सलग बंकमध्ये आणि उरलेले किमान दोन तास वेगळे, अशी दहा तासांची बेरीज चालते. पण बंकमध्ये आडवे होणे आणि झोपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चाकोरी यांनी करार करण्यापूर्वी पत्नीसह निदान दोन रात्री चालत्या ट्रकमध्ये काढाव्यात, हा माझा कळकळीचा सल्ला आहे. ज्या जोडीला चालत्या ट्रकमध्ये झोप येत नाही तिच्यासाठी हे काम नाही.

बंक मोठा घ्यावा की लहान, हाही विचार त्यातच येतो. अनेक राज्यांत स्ट्रेट ट्रकच्या एकूण लांबीला ४० फुटांची मर्यादा आहे. स्वयंपाकाचा ओटा आणि शौचालय असलेला मोठा स्लीपर घेतला तर मागची पेटी तेवढीच आखूड होते आणि काही लोड हातचे जातात. दिवसचे दिवस ट्रक स्टॉपवर काढायचे असतील तर मोठा स्लीपर ही चैन राहत नाही. आमचा लहान होता. मला वाटते, आम्ही थकलो त्यात त्याचाही वाटा होता.

तिफण :
मी ट्रक चालवत नाही. मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन नियोजन पाहते, आणि रात्री एक वाजता असा ट्रक मागवणारी व्यक्ती मी असते. तुम्हा चालकांना बहुधा कळत नाही की हे लोड जन्माला कसे येतात, म्हणून लिहिते.

वाहन उद्योगात लागेल तेवढाच माल लागेल तेव्हा आणण्याची पद्धत आहे. साठा काही तासांचा असतो. साच्यात बिघाड होतो, एखादी खेप तपासणीत नापास होते, सीमेवर कागद अडतो किंवा कोणीतरी १,२०० ऐवजी १२० ची मागणी नोंदवतो, आणि मग उद्या सकाळी आठला लाइन थांबणार हे आम्हाला रात्री कळते. लाइन थांबली तर शेकडो माणसे हात बांधून उभी राहतात आणि मोटार कंपनी त्याचा भुर्दंड पुरवठादारावर लावते. त्या भुर्दंडापुढे एक पॅलेट नेण्यासाठी आख्खा ट्रक करणे स्वस्त पडते. ओहायो आणि मिशिगनच्या पट्ट्यात हा धंदा का फोफावला, याचे कारण तेच आहे. आज फेडेक्स कस्टम क्रिटिकल म्हणून ओळखली जाणारी कंपनी ॲक्रनमध्ये रॉबर्ट्स एक्स्प्रेस या नावाने वाढली. पँथर ही दुसरी एक्स्पेडाइट कंपनीसुद्धा ओहायोचीच.

याची दुसरी बाजूही पाहा. मार्च २०२० मध्ये डेट्रॉइटच्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने बंद झाले आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत बंदच राहिले. त्या काळात मी एकही तातडीचा ट्रक मागवला नाही. उलट फेब्रुवारी २०२२ मध्ये डेट्रॉइट आणि कॅनडातले विंडसर यांना जोडणारा अँबॅसेडर पूल आंदोलकांनी जवळपास आठवडाभर अडवला, तेव्हा पोर्ट ह्युरॉनच्या ब्लू वॉटर पुलावरून वळसा घालून येणाऱ्या प्रत्येक ट्रकची वाट आम्ही नकाशावर डोळे लावून पाहत होतो. किराणा आणि कागद वाहणाऱ्या ट्रकला मागणी सावकाश चढते, सावकाश उतरते. तुमचे काम आमच्या अडचणींवर चालते, आणि अडचणी एकाच वेळी येतात.

एक विनंती. उशीर होणार असेल तर तो लगेच कळवा. चार तासांचा उशीर आधी कळला तर मी लाइनचा क्रम बदलू शकते. वेळ उलटून गेल्यावर कळलेला अर्धा तास मला काहीच करू देत नाही.

चाकोरी :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिफण यांचा प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवला. सहा वर्षांत माझ्या ट्रेलरमधला माल कोणाला कशासाठी हवा आहे, हे मला एकदाही ठाऊक नव्हते; मी किराण्याच्या गोदामाबाहेर चार-चार तास डॉक मिळण्याची वाट पाहत बसलो आहे आणि आत मात्र कोणालाही घाई नव्हती.

आता पैशाविषयी कोणी स्पष्ट बोलेल का? गाडीमालक सांगतो की मैलाला माझ्या आताच्या दराच्या कितीतरी पट मिळते.

उत्तरवाट :
गाडीमालक खोटे बोलत नसेल, पण मैलाचा दर ही एक्स्पेडाइटमध्ये फसवी मोजणी आहे. एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, ९०० मैलांच्या लोडचे ट्रकला १,८०० डॉलर मिळाले. मैलाला दोन डॉलर झाले. परंतु माल उचलायला १५० मैल रिकामे जावे लागले आणि माल दिल्यावर जिथून काही निघण्याची शक्यता आहे अशा ठिकाणी यायला आणखी २०० मैल. एकूण १,२५० मैल झाले आणि दर एक डॉलर ४४ सेंटवर आला. ट्रक गॅलनला नऊ मैल देतो आणि डिझेल चार डॉलरला आहे असे धरले, तर इंधन साधारण ५५६ डॉलरचे. राहिले १,२४४. वाट पाहण्यासह या एका लोडमध्ये साडेतीन दिवस गेले असतील, तर दिवसाला ३५५ डॉलर पडले, आणि त्यात अजून गाडीमालकाचा हिस्सा आहे व तुम्ही दोघे आहात.

नेहमीच्या ट्रकिंगमध्ये मैल मोजले तरी चालते, कारण रिकामे मैल आणि रिकामे दिवस कंपनी सांभाळते. इथे दिवस मोजा. मालकाकडून मागच्या बारा महिन्यांची भाडेपत्रके मागून घ्या, एकूण रकमेला ३६५ ने भागा आणि मगच आपल्या पगाराशी तुलना करा. एखाद्या चांगल्या महिन्याचा आकडा दाखवला तर तो बाजूला ठेवा.

वजनकाटा :
त्यात हेही विचारा की रिकाम्या मैलांचे काही मिळते का, आणि शिपरकडे पोहोचल्यावर लोड रद्द झाला तर काय मिळते.

रातवा :
पैशाच्या हिशेबात मालाची हाताळणीही धरावी लागते. ड्राय व्हॅनवर बहुधा तुम्ही डॉकला ट्रेलर लावता आणि भरणे-उतरवणे दुसरे करतात. आमच्याकडे लिफ्टगेट, पॅलेट जॅक, रजया, पट्टे, आडव्या दांड्या हे सगळे ट्रकवरच असते, कारण माल नेहमी डॉक असलेल्या जागीच जातो असे नाही. रुग्णालयाच्या मागच्या दाराशी स्कॅनिंग यंत्राचा भाग उतरवला आहे, तसाच प्रदर्शनाचा माल घेऊन शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेसच्या प्रतीक्षातळावर रांगेतही थांबले आहे. २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये न्यायचे औषध असेल तर तापमानाची नोंद सतत पाहावी लागते. अशा कामांना भाडे चांगले मिळते आणि ती मिळवायला प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी आणि स्वच्छ नोंद लागते. केवळ मोटारींच्या भागांवर विसंबू नका, हे तिफण यांच्या २०२० च्या आठवणीवरूनही दिसते. आम्ही ते दोन महिने वैद्यकीय मालावर काढले.

सुकाणू :
माझा पहिला आक्षेप मी अर्धा मागे घेतो. कायदा, रस्ता आणि हवामान तेच आहे यावर ठाम आहे, आणि सहा वर्षे ५३ फुटी ट्रेलर सांभाळलेल्या माणसाला स्ट्रेट ट्रक चालवणे जड जाणार नाही. किंबहुना शहरात तो सोपा जाईल. कॅलिफोर्नियात दोन आसांच्या, मागे काही न ओढणाऱ्या ट्रकला आमच्यासारखी ताशी ५५ मैलांची मर्यादाही नाही. पण रविवारी आठवडा दिसणे सुटेल. मला ते सोसले नसते. मुले लहान असताना बुधवारी रात्री घरी येतो असे मी सांगत असे आणि बहुतेक वेळा येत असे.

पहाटवारा :
याबाबतीत मात्र मी एक्स्पेडाइटच्या बाजूने बोलेन. लोड नाकारता येत असल्यामुळे बहिणीच्या लग्नाला आम्ही दहा दिवस ट्रक बंद ठेवू शकलो. कंपनीच्या नोकरीत मला तीन दिवस मिळाले असते. पैसा बुडाला, पण कोणाची परवानगी मागावी लागली नाही.

चाकोरी :
आज गाडीमालकाला भेटून आलो. बारा महिन्यांची भाडेपत्रके मागितली, तेव्हा त्याने सात महिन्यांची दिली आणि उरलेली शोधून देतो असे सांगितले. मिळालेल्या सात महिन्यांत चार लोड लारेडोचे आहेत आणि जवळजवळ सगळे मोटारींच्या भागांचे. रिकाम्या मैलांना पहिल्या १०० मैलांनंतर थोडे मिळते, त्याआधी काही नाही. इंधन आमच्याकडे.

पत्नीचे म्हणणे वेगळेच आहे. ती म्हणते की हिशेब राहू दे, आधी झोपेचे पाहू. पुढच्या शुक्रवारी मालकाचा दुसरा चालक क्लीव्हलँडहून नॅशव्हिलला रात्रीचा रिकामा ट्रक नेणार आहे आणि कंपनीने आम्हा दोघांना प्रवासी म्हणून बसण्याची लेखी परवानगी दिली आहे. मी पुढे बसेन, ती बंकमध्ये.

रातवा :
रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जास्त उसळतो, हे त्यांना आधी सांगून ठेवा. त्यात झोप लागली तर कशातही लागेल. डोके चालकाच्या पाठीमागच्या बाजूला करून झोपायला सांगा, सुरक्षा जाळी आठवणीने लावा, आणि सकाळी त्यांनी काय सांगितले ते इथे अवश्य लिहा. उरलेल्या पाच महिन्यांची भाडेपत्रके हातात आल्याशिवाय सही करू नका.